चालते ना? मंग हात नोको लावू!

तुम्ही यांना ओळखता. गल्ल्याच्या डाव्या हाताला बसतात, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली असते आणि कागदोपत्री दुकान कुणाचंही असो, मालकाला ड्रॉवर उघडायचा झाला तरी आधी यांच्याकडे बघावं लागतं. आमचे मुनीमजी बेल्याच्या एका कृषी केंद्रात बसतात. मी आदिलाबादहून कॉम्प्युटर दुरुस्तीला जाणारा माणूस. इंजेक्शनवाली बाई दिसल्यावर पोरांचे चेहरे होतात, तसा मला पाहून त्यांचा होतो. मी पिशवी खाली ठेवायच्या आत आवाज येतो, “चालते ना? मंग हात नोको लावू.”

हे वाक्य नाही, जीवनपद्धती आहे. भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे. दुरुस्त करायचं नाही, कारण चालतं. हमालसुद्धा मनातल्या मनात वीस मिळवून जेवायला उठतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची एक पिन मोडली आहे, त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या पोटातून पांढरी रेघ जाते. गिऱ्हाईक आठ की तीन म्हणून विचारतं, मुनीमजी कागद न बघता आकडा सांगतात. स्कूटर फक्त उतारावर सुरू होते, म्हणून ते कुणाच्या लग्नाला गेले की मांडवाआधी उतार शोधतात. मोठ्या सेठच्या गुडघ्याचं ऑपरेशन नागपूरला ठरलं, तेव्हा सगळं घर काळजीत होतं. मुनीमजींनी एवढंच विचारलं, “सेठजी चालते ना?”

आणि या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे सर्व्हर. भागीदारीतल्या जिनिंगच्या भरभराटीत मोठ्या सेठनी घेतलेला. आत विंडोज सर्व्हर 2003, ज्याचा सांभाळ खुद्द बनवणाऱ्यांनी 14 जुलै 2015 रोजी सोडला. मुनीमजींनी सोडला नाही. बियाण्याच्या पोत्यांमागे तो फळीवर विराजमान, समोर टेबल फॅन, वर टॉवेल. दर लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहून वाहून त्याचं चालू-बंदचं बटण कुठं आहे ते आता कुणालाच दिसत नाही, आणि मुनीमजींच्या मते ही सोयच आहे. आत टॅली 7.2. जीएसटी 1 जुलै 2017 ला आला, तो या आवृत्तीला ठाऊकच नाही. मग कसं भागतं? सरकारचा हिशेब आदिलाबादचा सल्लागार करतो, खताची विक्री अंगठ्याच्या मशीनवर होते आणि खरा हिशेब, म्हणजे कुणाकडे किती उधारी, तो या डब्यात. खताला 5 टक्के, फवारणीच्या औषधाला 18, बियाण्याला काहीच नाही, हे मुनीमजी झोपेतही सांगतात. पण डब्याला सांगत नाहीत. त्याला उगाच त्रास कशाला?

यंदा डिस्क खरखरू लागली. छोटे सेठ हैदराबादेत शिकून आलेले. त्यांनी मला बोलावलं आणि सगळं नव्या टॅली प्राइमवर, शिवाय क्लाउडवर न्यायचं ठरवलं.

“म्हंजे हिशोब राह्यल कुठं?” मुनीमजींनी विचारलं.

“मुंबईत असेल, नाहीतर हैदराबादेत.”

“म्हंजे आपलीच उधारी पाहाले लोकाच्या घरी जा लागते!”

छोटे सेठ हसले. मुनीमजींनी मग ठेवणीतलं काढलं. टॅली कुणी केली, माहीत आहे का? 1986 मध्ये बंगलोरात. श्यामसुंदर गोयंका कापडगिरण्यांना माल पुरवायचे, हिशेबाला धड प्रोग्रॅम मिळेना, तेव्हा गणित शिकलेल्या मुलानं, भरतनं, बापासाठी तो लिहिला. “त्या पोरानं बापासाठी बनवलं,” मुनीमजी छताकडे बघत म्हणाले, “अन् आपल्या इथं पोरगा बापाचं काढून टाकते.” त्या दिवशी चहा आला नाही.

त्यांना बदलाचं वावडं आहे असं म्हणावं, तर घराण्याचा इतिहास आड येतो. त्यांचे वडीलही मुनीम. निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. ते राज्य गेल्यावर वडिलांनी दुकानाची सगळी खतावणी सातास सहाच्या हिशेबानं फिरवली. 1957 च्या एप्रिलमध्ये आणे-पै जाऊन नवे पैसे आले, तीही पुन्हा उतरवली. दुकान जागेवरून हललं नाही, पण हैदराबाद संस्थानातून आंध्र प्रदेशात आणि 2 जून 2014 ला तेलंगणात गेलं. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. तिकडचे लोक सरकी-खतासाठी इकडे आणि इकडचे सोयरिकीसाठी तिकडे. या माणसाचा वसुलीचा तगादा मराठीत, साहेबांशी बोलणं तेलुगूत आणि माझ्यावरचा राग हिंदीत. इतकं सगळं पचवलेला माणूस एका हार्डडिस्कपाशी येऊन अडला होता.

अडायला एक कारण खरं होतं आणि ते मला नाइलाजानं मान्य करावं लागलं. मरायला टेकलेली डिस्क उगाच बंद-चालू करू नये. एकदा थांबली तर पुन्हा फिरेल याची खात्री नसते. आधी आहे तशी पूर्ण नक्कल काढायची, मग नकलेवर हवे ते प्रयोग. मी तसं सांगताच मुनीमजी दुकानभर फिरून आले. “कॉम्प्युटरवाला बी हेच म्हन्ते! हात नोको लावू!” हमालांना सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, समोरच्या पानवाल्यालाही सांगितलं.

पुढचा अडथळा पासवर्डचा. टॅली व्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर हिशेब कुणालाच उघडता येत नाही. मुनीमजींनी विसरण्याची सोयच ठेवली नव्हती. पासवर्ड खतकंपनीच्या कॅलेंडरवर, चैत्राच्या पानामागे. दर जानेवारीत ते तो नव्या कॅलेंडरवर उतरवतात. त्या दुकानात इतकी वर्षं नियमानं झालेलं स्थलांतर तेवढंच.

नक्कल झाली. आधी 7.2 मधून ईआरपी 9 मध्ये, मग तिथून प्राइममध्ये. रात्री जुन्या-नव्याची तेरीज शेजारी शेजारी लावून एकेक खातं ताडत बसलो. आणि तिथे मला मुनीमजी पहिल्यांदा भेटले.

या भागात विठ्ठल नावाच्या माणसांना तोटा नाही. दुसरा कुणी असता तर विठ्ठल 1, विठ्ठल 2 केलं असतं. इथं होतं: विठ्ठल (विहीर). विठ्ठल (पुलाजवळचा). विठ्ठल (दोन बायका). विठ्ठल (दारू सोडली). त्याच्याच खाली, वर्षभरानं उघडलेलं, विठ्ठल (सोडली नाही). किसन (पोरीच्या लग्नानंतर देईल). किसन (देईल). मी एकटाच हसत होतो. अर्ध्या तालुक्याची बखर या माणसानं सन्ड्री डेटर्समध्ये, म्हणजे उधारीवाल्यांच्या गटात, लिहून ठेवली होती.

मग एका नावापुढं आलं: (मागू नये). आणखी खाली पुन्हा, दुसऱ्या आडनावापुढं. मग तिसऱ्या. वाटलं, सेठचे नातेवाईक असतील, पुढारी असतील. एक खातं उघडलं. बियाणं, खत, खत, थोडी जमा, पुन्हा बियाणं. शेवटची नोंद नोव्हेंबरातली, औषधाच्या एका डब्याची. कपाशीवर फवारायचं औषध, नोव्हेंबरात, एकच डबा. त्यानंतर काही नाही. ना जमा, ना व्याज. नुसती बाकी दर 31 मार्चला पुढं ओढलेली. बुडीत लिहायची तर सेठला कारण सांगावं लागतं आणि कारण लिहिलं तर ते कायमचं खात्यात राहतं. मुनीमजींनी दोन्ही टाळलं होतं. एका माणसाच्या घरी कधी तगादा गेला नाही, तो का गेला नाही हेही कुणाला कळलं नाही.

सकाळी छोटे सेठ आले. नव्या टॅलीतून थकबाकीदारांना व्हॉट्सॲपवर आठवण पाठवता येते, हे त्यांनी मोठ्या कौतुकानं सगळ्यांना दाखवलं. सोमवारी यादीतल्या सगळ्यांना पाठवायचं ठरलं. मुनीमजी गप्प होते. त्यांनी फक्त विचारलं, “सगळ्याइले?” छोटे सेठ म्हणाले, “सगळ्यांना. सन्ड्री डेटर्समध्ये जे जे आहेत ते.”

सोमवारी संदेश गेले. विठ्ठल (दोन बायका) यांच्याकडे तो दोन्ही मोबाइलवर गेला आणि दोन्ही बायका एकाच वेळी दुकानात आल्या. त्यांनी आधी नवऱ्याचा, मग सेठचा उद्धार केला. पण निम्मी बाकी भरली.

(मागू नये) पैकी कुणाकडेच गेला नाही. छोटे सेठना यादी तपासताना दिसलं की काही जुनी खाती डेटर्समध्ये नाहीतच. ती सस्पेन्सच्या गटात जाऊन बसली आहेत. रविवारी रात्री नव्या टॅलीत एकेक खातं उघडून गट बदलणारा माणूस कोण, हे सांगायला एडिट लॉगची गरज नव्हती. ज्या टॅलीला हात लावू नका म्हणून वर्षभर घोकलं, तिच्या कळा यांना माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक होत्या.

“हे सस्पेन्समध्ये काय आलंय?” छोटे सेठनी मला विचारलं.

“डेटा फार जुना आहे,” मी म्हणालो. “स्थलांतरात असं होतं. तेरीज जुळतेय, राहू द्या.”

मुनीमजींनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पावती फाडू लागले.

आठवड्यानं मी बिल दिलं. त्यांनी एकेक कलमावर बोट ठेवत ते वाचलं आणि दोनशे रुपये कापले. का, म्हणून विचारलं.

“यूपीएस तपासनी लावली हाय तुमी,” ते म्हणाले. “तो त चालत व्हता. त्याले हात लावाचे पैसे काहून?”