सात कलमांचं विश्व

केंद्रीय लोकसेवा आयोगाइतका मितभाषी लेखक शोधून सापडायचा नाही. पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाचा अभ्यासक्रम त्याने अवघ्या ७ कलमांत उरकलाय. त्यातलं एक कलम फक्त ‘सामान्य विज्ञान’. बस्स. भूगोलाच्या कलमात भारत आणि जग. मंगळ तेवढा सुटला म्हणावं, तर तो चालू घडामोडींत गाठतोच. पर्यावरणाच्या कलमात आयोग चक्क धीर देतो, की यासाठी विषयातलं विशेष ज्ञान लागत नाही. मग प्रश्नपत्रिकेत एखादा अनोळखी प्राणी येतो आणि त्याचा अधिवास विचारला जातो. उत्तर चुकलं की त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले.

ही ७ कलमं समजावून सांगण्यावर पुण्यात सदाशिव पेठेतले क्लास, अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसवाले घरमालक सुखाने जगतात. आयोग थोडं सविस्तर बोलला असता तर अर्धी पेठ ओस पडली असती.

मुख्य परीक्षेत मात्र आयोग मोकळा होतो. २०१३ पासून तिथे नीतिशास्त्राचा पेपर आहे. सचोटी, करुणा, निःपक्षपातीपणा वगैरे, एकूण गुण २५०, वेळ ३ तास. कंत्राटदार भ्रष्ट, वरिष्ठांचा दबाव, घरी आई आजारी. तुम्ही काय कराल? कागदावर अजून कुणी लाच घेतल्याचं ऐकिवात नाही. या पेपरच्या तयार नोट्सही पेठेत मिळतात. क्लासवाल्यांना न विचारता काढलेल्या झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंगसकट.