रा. रा. बिअरबुवा, मुक्काम बदलापूर, यांस



आपण लोकलच्या गर्दीतून छातीशी धरून अंबरनाथला आणलेली बाटली पोचली. येताना ती पिल्सनर होती. आम्ही पहिला घोट घेऊन तोंडं वाकडी केल्यावर आपण म्हणालात, "आयपीए आहे, अशीच लागते." चव कळल्यावर जात बदलणारी बिअर आम्ही प्रथमच पाहिली.

परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही. पण धाड पडलीच, तरी हा मुद्देमाल कुणी चाखून पाहणार नाही, त्यामुळे निर्धास्त असा. वरचा फेस, तळाचा गाळ हेही सोडून देतो. कडूपणाचं मात्र बोलायलाच हवं.

कृतीत कडूपणासाठी साझ जातीचं हॉप ३० ग्रॅम होतं. ते मिळालं नाही म्हणून आपण मॅग्नम टाकलंत, तेही ३० ग्रॅम. साझमध्ये अल्फा आम्ल साधारण ३ ते ४.५ टक्के, मॅग्नममध्ये १२ ते १४. हा आकडा पाकिटावर छापलेला असतो, आपण फक्त वजन वाचलंत! बरं, हे आम्ल उकळताना रूप बदलतं आणि मग बिअरमध्ये कडूपणा उतरतो. वासासाठी शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकायचं हॉपही आपण सुरुवातीलाच टाकून मोकळे झालात आणि उल्हासनगरहून आणलेल्या त्या अवाढव्य पातेल्यात तासभर खळखळवलंत.

तेवढ्यावर भागलं असतं तर गिळलं असतं. पण जीभ आणि हिरड्या कोरड्या पडल्या, चहाचा चोथा पुन्हा उकळून प्यायल्यासारख्या. हा हॉपचा कडूपणा नव्हे, हा तुरटपणा. माल्टच्या टरफलातलं टॅनिन. दाणे धुवायचं पाणी ७५-७६ अंशांपर्यंतच हवं, आपण आधणाचं ओतलंत. पाणी अल्कधर्मी असेल तर टॅनिन आणखी सुटतं. आणि पाणी कुठलं? टँकरचं, बोअरवेलचं, आपल्या काळ्या कातळातून आलेलं जड पाणी. त्यावर आपण सगळ्यांसमोर काय सांगितलंत? "बॅरेजचं पाणीच खराब." अहो, उल्हासवरच्या त्या बॅरेजचं पाणी त्या आठवड्यात आपल्या नळाला आलंच नव्हतं! उल्हास नदीच्या नावावर आधीच पुष्कळ पापं आहेत, निदान हे तरी तिच्या माथी मारू नका.

आता 'आपण' पुरे. अरे, रोज दारात लटकत सीएसएमटी गाठतोस, रात्री तसाच परततोस. रविवारी त्या पातेल्यासमोर उभा असलास की साहेबांचाही फोन घेत नाहीस, वहिनी सांगत होत्या. आठवड्यातले तेवढेच तास तुझे, आणि ते तुझ्याकडून कुणी काढून घेऊ नयेत. म्हणूनच तर जास्त चिडलोय. इतका जीव लावतोस, मग स्वतः एक घोट घेऊन खरं का बोलत नाहीस? प्यालास का तू ती बिअर? तुझा ग्लास भरलेलाच होता, मी पाहिला.

ही बॅच मुरवत ठेवू नकोस. हॉपचा कडूपणा काही महिन्यांनी थोडा उतरतो, पण बदलापूरच्या उन्हाळ्यात तोवर बिअरच शिळी होईल. मोरीत ओत, पातेलं घास. आणि आमच्याकडे येशील तेव्हा रिकाम्या हाताने ये.

तुझाच,
एक अंबरनाथकर