सोडलेल्या प्लॉटांचे मालक

आमच्या भावोजींचे देवास जिल्ह्यात सतरा आणि धार जिल्ह्यात नऊ प्लॉट आहेत. सगळे न घेतलेले.

"तो बायपासचा कोपरा बघितलास? माझा होता." होता म्हणजे 2009 साली त्यांनी तो पाहिला, फीत लावून मोजला, दलालाच्या पैशानं दोन चहा प्यायले आणि सोडला. आता त्याचा भाव सांगताना त्यांचा आवाज असा भरून येतो, की नुकतेच विकून आलेत असं वाटावं. गेली पंधरा वर्षं भावोजी या धंद्यात नवीन आहेत.

त्यांची नोकरी बँक नोट प्रेसमधली. ही प्रेस देवासला 1974 साली आली आणि शहरातल्या बऱ्याच घरांची चूल तिच्यावर पेटली. सबंध नोकरीभर भावोजींच्या डोळ्यांसमोरून नोटांचे तावच्या ताव सरकले, आणि संध्याकाळी फाटकावर झडती देऊन ते रिकाम्या खिशानं घरी आले. पैसा म्हणजे शेवटी कागद, हे इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाला निवृत्तीचा फंड बँकेत ठेववत नाही. त्याला जमीन हवी असते.

दलाल भेटला की भावोजी भाव विचारत नाहीत, इतिहास सांगतात. "देवासची पहिली कॉलनी कोणी कापली ठाऊक आहे? तुकोजी आणि जिवाजी पवारांनी. 1728." दलाल बिचारा हा कोणी नवा कॉलोनायझर समजून मान डोलावतो. मग थोरली पाती, धाकटी पाती, एकाच गावात दोन महाराज, दोन राजवाडे. मधल्या रस्त्याच्या अलीकडचा दिवा एका संस्थानाचा, पलीकडचा दुसऱ्याचा, पाण्याची व्यवस्थासुद्धा वेगळी. "पण हद्दीवरून कोर्टकचेरी ऐकलीस कधी? याला म्हणतात लेआउट!" (ऐकली नसेल, पण दोन्ही पात्यांमध्ये गोडीगुलाबी होती असं कोणी देवासकर छातीठोक सांगणार नाही.) ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव होता, पुढं त्यानं देवासवर पुस्तकही लिहिलं. त्याच्याबद्दल भावोजींचं मत चांगलं आहे. "इतके महिने राहिला, पण घाईत काही घेतलं नाही."

कुमार गंधर्वांचं नाव निघालं की मात्र ते हळवे होतात. कुमारजी 1948 साली क्षयानं आजारी होऊन कोरड्या हवेसाठी देवासला आले आणि पुढं टेकडीच्या पायथ्याशीच राहिले. "आमचे वडील त्यांचं गाणं ऐकायला रोज त्या बाजूला जायचे. रोज! एकदा खाली जमिनीकडे बघितलं असतं तर?" हा सव्विसात न धरलेला सत्ताविसावा प्लॉट. तो वडिलांच्या खात्यावर.

माळव्यातली जमीन भविष्यकाळी क्रियापदांवर विकली जाते. इंदूर वाढत वाढत येणार. उज्जैनचा सिंहस्थ 2028 मध्ये होणार, त्याची गर्दी देवासवरून जाणार. इंदूर–दाहोद रेल्वेचं भूमिपूजन 2008 साली झालं, तेव्हापासून धारचा प्रत्येक प्लॉट 'स्टेशनपासून पाच मिनिटं' आहे. स्टेशनचं मागाहून बघू. आणि 17 सप्टेंबर 2025 ला बदनावर तालुक्यात भैंसोल्याच्या कापड पार्कचा शिलान्यास झाल्यावर तर भावोजींना रात्रभर झोप नाही. सकाळी सातला त्यांचा फोन: "गाडी काढ. धारेकडे एक कॉलनी कटतेय."

त्यांची स्कूटर एवढी दौड मारत नाही, म्हणून ड्रायव्हर मी. मागच्या सीटवर त्यांची नायलॉनची पिशवी. तीत खसऱ्याच्या नकला, बी-1, जुनी ऋण-पुस्तिका, होकायंत्र, तीस मीटरची फीत आणि खारे शेंगदाणे.

कॉलनीला फाटक होतं. फाटकावर प्लास्टरचे दोन सिंह, वर इंग्रजी नावाची कमान, आणि कमानीच्या पलीकडे गुडघाभर सोयाबीन. पांढऱ्या बुटांचा दलाल म्हणाला, "भिया, तो कोने वाला चौदह नंबर, पूर्वमुखी, तीस बाय पचास." बोटाच्या दिशेनं बघितलं तर एक म्हातारा कोळपं धरून चालला होता. चुन्याच्या रेघा पहिल्याच पावसात वाहून गेलेल्या. भावोजी फीत घेऊन उतरले. काळी माती! दहा पावलांत प्रत्येक चपलेला दोन किलो चिखल, पंधराव्या पावलाला डावी चप्पल आतच राहिली. तरी माणूस एका पायावर उभा राहून विचारतो, "रोड तीस फुटी की चाळीस?"

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. डायव्हर्शन झालंय? "लगा हुआ है." टीएनसीपीचा, म्हणजे नगर नियोजनाचा, नकाशा? "पास समझो." रेरा? अगदी लहान कॉलनीला रेरात नोंद लागत नाही, हे भावोजींना पाढ्यासारखं पाठ. दलाल म्हणाला, आपण सात-सात प्लॉटांच्या कॉलन्या करतोय. त्याच्या हुशारीवर भावोजी क्षणभर खूश झालेले मी पाहिले.

तेवढ्यात म्हातारा जवळ आला. चिखलातली चप्पल काढून त्यानं भावोजींच्या हातात दिली. भावोजींनी सहज विचारलं, "जमीन किणकी, दादा?" म्हाताऱ्यानं कोळप्यावर हात ठेवला. "म्हारी." जातीनं भिल्ल. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी बयाना देऊन गेलं होतं, नंतर फिरकलं नव्हतं. दलाल घाईघाईनं म्हणाला, "रजिस्ट्री बाद में हो जाएगी, अभी एग्रीमेंट बना लेते हैं."

इथं मात्र भावोजी वेगळेच दिसले. एका हातात चप्पल, चेहरा न्यायाधीशाचा. "1959 ची भू-राजस्व संहिता. कलम 165, पोटकलम 6. अधिसूचित भागातली आदिवासीची जमीन बिगर आदिवासीच्या नावे होतच नाही, बाकी ठिकाणी कलेक्टरची परवानगी लागते. कसलं एग्रीमेंट?" दलाल बुटांकडे बघू लागला. आणि प्लॉट क्रमांक दहा धार जिल्ह्याच्या खात्यात जमा झाला.

परतताना धारचा किल्ला दिसला तशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. दुसरा बाजीराव इथं 1775 साली जन्मला. "जन्म एवढ्या मोक्याच्या जागी, आणि शेवटी राहायला गेला विठूरला," शेंगदाणे चावत भावोजी म्हणाले. "कोणाला विचारलं नसणार."

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. घर म्हणजे वाडा, देवासचा जुना. पणजोबांच्या दोन मुलांत वाटला गेलेला. चौकातून एक रेघ जाते, तुळस इकडे आणि नळ तिकडे. ताईनं चपला बघितल्या आणि काही न विचारता बादली पुढं केली. मग म्हणाली, "महापालिकेचा माणूस आला होता. घर अजून आजोबांच्या नावावर आहे म्हणे. फौतीचं नामांतरण करून घ्या म्हणतो."

"बघू."

"आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली."

"पेपर पूर्ण नाहीत त्याचे," भावोजी पाय धूत म्हणाले. "बटांकन नाही, सीमांकन नाही. कोणी फुकट दिला तरी मी असला प्लॉट घेणार नाही."

नळाच्या बाजूनं चुलत भावाचा आवाज आला, "दादा, तुझी बादली अर्धा फूट आमच्यात आलीये."

भावोजी तसेच ओल्या पायांनी उठले आणि पिशवीतून फीत काढली. पलीकडचं टोक चुलत भावानं धरलं.