चाकू वीस, कात्री तीस

घरात जुनी तलवार असली की साठी उलटलेला एक तरी पुरुष तिला धार लावून घ्यायचा विषय काढतोच. कशासाठी, ते विचारायचं नसतं. तलवारीने कापण्यासारखी एकच वस्तू आता महाराष्ट्रात उरली आहे, ती म्हणजे वाढदिवसाचा केक. तो कापला की दोन दिवसांत पेपरात फोटो येतो आणि फोटोत बाजूला हवालदार उभे असतात. आमच्या भाऊकाकांना केक चालत नाही, शुगर आहे. धार मात्र हवी आहे.

तलवार वाईच्या वाड्यातली. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्यांकडे विहीर गेली, मधल्यांकडे आमराई आणि काकांकडे तलवार. त्यामुळे तिला कोणी नावं ठेवलेली त्यांना खपत नाही. ती पानिपतावर चालली, असा घरचा इतिहास. पानिपतावर न गेलेली तलवार सातारा जिल्ह्यात मी तरी अजून पाहिलेली नाही. एवढ्या सगळ्या खरोखर तिथे पोचल्या असत्या तर अब्दालीने अर्ध्या वाटेवरूनच घोडा वळवला असता.

पात्याची अवस्था नाजूक आहे. शत्रूमुळे नव्हे, दसऱ्यामुळे. दरवर्षी तिला हळदकुंकू वाहायचं, वर ओल्या फुलांची माळ घालायची आणि टोकाला लिंबू टोचायचं. ते लिंबू कोजागिरी उलटली तरी कोणी काढत नाही. पोलादावर आंबट रस इतके दिवस राहिला तर दुसरं काय होणार? टोकाकडची बोटभर जागा खड्ड्याखड्ड्यांची झाली आहे. पानिपतानंतरचा हा पराभव कुठल्याही बखरीत नाही.

काकांच्या ओळखीचे एक गृहस्थ जुनी शस्त्रं जमवतात. ते पाहायला आले. पातं त्यांनी उघड्या हाताने धरलं नाही. घामानेही गंज चढतो म्हणाले. मग बॅटरी तिरकी धरून पात्याच्या नळीत कितीतरी वेळ पाहत राहिले. आम्हीही डोकी घातली. गंजाखाली नखाएवढ्या दोन दातेरी चंद्रकोरी उठवलेल्या होत्या.

"फिरंग आहे," ते म्हणाले. "सरळ पातं, युरोपातलं. मूठ इथली. ही खूण तिकडच्या कारागिरांची. अर्थात ती पाहून गिऱ्हाईक जास्त पैसे मोजायचं, म्हणून इकडचे लोहारही ती ठोकायचे."

म्हणजे पातं एकतर परदेशी, नाहीतर डुप्लिकेट. काकांचा चेहरा पडला. तेव्हा गृहस्थांनी नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या तलवारीचा दाखला दिला. राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ती ४७ लाखांहून अधिक मोजून सोडवून आणली. तिचंही पातं युरोपीय घडणीचंच. काका एकदम सावरले. आता ते 'आमची आणि रघूजी भोसल्यांची' असं बोलतात.

धारेचं नाव काढताच मात्र गृहस्थ उखडले. धार लावायची म्हणजे पोलाद खरवडायचं, आणि खरवडलेलं परत येत नाही. खूण पुसली, पात्याचा घाट बिघडला की उरते ती सळई. शिवाय लढाईतली तलवार वस्तऱ्यासारखी नसतेच. इतकी पातळ धार चिलखतावर पहिल्याच वारात झडेल. तिची धार जराशी पोटाळ, मुठीजवळ तर बोथटच ठेवलेली. तेलाचं बोट फिरवा, मऊ फडक्याने पुसा आणि गप्प बसा, असा सल्ला देऊन ते चहा न घेता गेले.

काकांनी सल्ल्यातला तेलाचा भाग मान्य केला. लग्नात नवरदेवाच्या हाती देतात तसली तलवार असती, तर मी एकवेळ म्हटलं असतं, लावा धार. पण तिलाही लावू नये. आत पात्याचं शेपूट वीतभरही नसतं, नटबोल्टने आवळलेलं असतं. जोरात फिरवली तर मूठ मुलाकडे आणि पातं व्याह्यांकडे.

रविवारी खाली "चाऽऽकू, कात्री" अशी आरोळी आली आणि काका तलवार चादरीत गुंडाळून जिना उतरले. मी मागे. धारवाल्याची सायकल स्टँडवर, पायडल मारलं की पुढचं दगडी चाक गरगरतं. त्याने चादर उघडली, पात्यावरून नजर फिरवली आणि पायडलवरचा पाय खाली घेतला.

"चाकू वीस, कात्री तीस. ह्याचा रेट नाही काका."

"तुम्ही सांगाल तो देतो."

"पैशाचं नाही. चाकावर तापली की पातं निळं पडंल, पाणी उतरंल. आन एवढी लांब चीज सरळ जात नाही, धारेला लाटा येतात. ही आडवी बांधून हातानं दगड फिरवायचं काम. आमचा आजा शिकलगार, तो करायचा. मी कात्र्या करतो." मग आवाज खाली आणून, "आन लायसन हाय का?"

हा प्रश्न काकांना कोणी विचारला नव्हता. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा सुराही येतो. घरकामाची, शेतीची वगैरे पाती वगळली आहेत. तलवार घरकामाची आहे, असं काकांना म्हणता येईना. चादर पुन्हा गुंडाळली गेली.

एवढ्यात काकू विळी घेऊन खाली आल्या. महिनाभर भेंडी चिरली जात नव्हती, चेंगरत होती. पण घरात चर्चा पानिपताची. धारवाल्याने विळी उलटीसुलटी केली, चाकाला लावली, ठिणग्या उडाल्या. अंगठ्याचं नख धारेवर टेकवून त्याने ती परत दिली.

"चाळीस."

"चाळीस?" काकू म्हणाल्या. "कात्रीला तीस आणि विळीला चाळीस? त्यांच्याकडून घ्या हवं तर, ते म्हणाल तो रेट देणार होते."

काकांनी तलवार माझ्याकडे दिली आणि खिशात हात घातला.