सेटिंग फाइलच्या अंगावर हवं

नोंदी ठेवण्याच्या बहुतेक ॲपमध्ये सेटिंगचं पान एकच असतं. तिथे जे ठरवाल ते सगळ्या टिपणांना लागू. आईच्या औषधांची यादी, अनुवादाचा खर्डा, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, आजोबांच्या तोंडून उतरवून घेतलेली गावाकडची हकिगत, सगळ्यांना ओळीची रुंदी तीच, मांडणी तीच आणि शिक्के दोनच: राहिलं आणि झालं. हा आळस आहे, आणि तो ॲप बनवणाऱ्यांचा आहे. खर्ड्याला अनेक टप्पे असतात. औषधांच्या यादीला टप्पे नसतातच. ती उघडल्याबरोबर पूर्ण दिसली पाहिजे. हकिगत लांबलचक असेल, तर आधी फक्त प्रकरणांची नावं दिसावीत, मग हवं ते उलगडावं.

बरं, ही सेटिंग राहतात कुठे? ॲपच्या पोटात, नाहीतर कंपनीच्या सर्व्हरवर. टिपण दुसऱ्या लॅपटॉपवर नेलं की नुसता मजकूर पोचतो. तो कसा वाचायचा, हे मागेच राहतं.

जुन्या टेक्स्ट एडिटरांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. फाइलचं सेटिंग फाइलमध्येच लिहायचं. ॲमस्टरडॅमचे खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये इमॅक्स या एडिटरसाठी ऑर्ग मोड लिहायला घेतला, तो नोंदी आणि कामं एकाच साध्या मजकुरात ठेवता यावीत म्हणून. त्यात फाइलच्या माथ्यावर हॅश, अधिकचिन्ह आणि त्याला लागून ‘स्टार्टअप’, पुढे कोलन आणि ‘ओव्हरव्ह्यू’ असं लिहिलं (हे शब्द टंकायचे रोमन लिपीतच), की ती फाइल दरवेळी फक्त वरच्या पातळीचे मथळे दाखवत उघडते. ‘कन्टेन्ट’ लिहिलं तर सगळ्या पातळ्यांचे मथळे दिसतात आणि ‘शोऑल’ लिहिलं तर मजकूरही. २०२० मध्ये आलेल्या ९.४ आवृत्तीत ऑर्गने आपली मूळची सवय बदलली. तोवर मिटून उघडणाऱ्या फाइली सताड उघड्या दिसू लागल्या. ज्यांच्या फाइलीत ती एक ओळ होती, त्यांना काहीच जाणवलं नाही.

खरी गंमत ‘टूडू’च्या ओळीत आहे. तिथे कामाचे टप्पे तुमच्या शब्दांत लिहिता येतात, आणि मराठीतही. अनुवादाच्या फाइलीत ‘कच्चा, तपासायचा, छापला’ आणि पुस्तकखरेदीच्या फाइलीत ‘मागवायचं, आलं’. मध्ये उभी रेघ टाकली की रेघेच्या अलीकडचं शिल्लक आणि पलीकडचं उरकलेलं, एवढं ऑर्गला कळतं. प्रत्येक फाइलचा शब्दसंग्रह वेगळा, कारण प्रत्येक फाइलमधलं काम वेगळं. ‘फाइलटॅग्ज’ची ओळ टाकली की त्या फाइलमधल्या प्रत्येक मथळ्याला तो टॅग आपोआप लागतो. ‘कॅटेगरी’ लिहिलं की आठवड्याच्या कामांच्या एकत्रित यादीत कुठली नोंद कुठून आली हे डावीकडे दिसतं. एक गोष्ट मात्र नव्या माणसाला कुणी सांगत नाही: ओळ बदलल्यावर कर्सर तिच्यावर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबावं लागतं, नाहीतर फाइल पुन्हा उघडेपर्यंत बदल लागू होत नाही. कितीतरी जण इथेच कंटाळून ‘हे चालत नाही’ म्हणतात.

विम हा दुसरा जुना एडिटर वापरणाऱ्यांसाठी हीच सोय मोडलाइन नावाने आहे. फाइलच्या पहिल्या किंवा शेवटच्या पाच ओळींत ती लिहायची: टॅब किती रुंद, ओळ कुठे मोडावी, घड्या कशावरून पाडाव्यात. पोथी उतरवणारा शेवटच्या पानावर शक, तिथी आणि आपलं नाव लिहून ठेवी. पोथी कुठल्याही घरी गेली तरी ती माहिती तिच्याबरोबर जाई. मोडलाइन तेच काम करते. इमॅक्समध्येही फाइलच्या अखेरीला ‘लोकल व्हेरिएबल्स’चा एक ठोकळा लिहिता येतो, पण तो फाइलच्या शेवटच्या ३००० अक्षरांच्या आत सुरू व्हायला हवा. त्याच्या खाली टिपणं लिहीत गेलात, तर एक दिवस तो टप्प्याबाहेर जातो आणि इमॅक्स त्याच्याकडे बघतही नाही. म्हणून नवी नोंद ठोकळ्याच्या वरच लिहावी.

मराठी लिहिणाऱ्यांना तर हे पटवून सांगायची गरजच पडू नये. युनिकोडच्या आधी एकेका फॉन्टचा आपापला संकेत होता. मजकुराच्या फाइलीत मात्र तो कुठल्या फॉन्टचा, हे लिहिलेलं नसे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. अशा कितीतरी फाइली आज सहज वाचता येत नाहीत, आणि त्यांत लोकांची आयुष्यभराची टिपणं अडकली आहेत. त्या काळी वर एक ओळ असती, तर पुढच्याला निदान वाट कळली असती. इमॅक्समध्ये आज पहिल्या ओळीत ‘कोडिंग: यूटीएफ-८’ असं नोंदवता येतं. एडिटर बहुतेक वेळा हे स्वतःहून ओळखतात, तरी मी म्हणेन, लिहा.

यात धोका आहे, आणि तो लपवून चालणार नाही. फाइल एडिटरला काय करायचं ते सांगू शकते म्हणजे वाईट माणसाची फाइलही सांगू शकते. २०१९ मध्ये विमच्या मोडलाइनमध्ये असं भोक सापडलं की मुद्दाम रचलेली फाइल नुसती उघडली तरी संगणकावर हवी ती आज्ञा चालवता येत होती. २०२४ च्या मार्चमध्ये इमॅक्सला २९.३ ही आवृत्ती तातडीने काढावी लागली. ऑर्ग मोड सुरू होताना परका कोड चालू शकत होता. दोन्ही भोकं बुजवली गेली. तेव्हा एडिटर अद्ययावत ठेवा. इमॅक्स एखाद्या सेटिंगबद्दल परवानगी मागतो तेव्हा उद्गारचिन्ह दाबलं तर ती कायमची दिली जाते. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलला ती कधीही देऊ नका. डेबियन या लिनक्स प्रणालीवर विमची मोडलाइन मुळातच बंद असते. स्वतःच्या नोंदींसाठी ती जरूर चालू करा.

कुणी म्हणेल, प्रत्येक फाइलीत कशाला, फोल्डरमध्ये एकच सेटिंग-फाइल ठेवावी. प्रोग्रामच्या कोडसाठी हे बरोबर आहे. एडिटरकॉन्फिग त्यासाठीच आहे. पण टिपण एकटं प्रवास करतं. भावाला मेल होतं, पेनड्राइव्हवर जातं, आणि फोल्डरमधली ती फाइल मागे राहते.

फाइलमध्ये काय लिहू नये, तेही सांगतो. अक्षराचा आकार, रंग, पार्श्वभूमी या तुमच्या डोळ्यांच्या गरजा आहेत. त्या तुमच्या संगणकावर ठेवा, वाचणाऱ्यावर लादू नका. मजकुराला जे लागतं तेवढंच त्याच्या माथ्यावर हवं.

तुमची सर्वांत लांब आणि सर्वांत जुनी टिपणांची फाइल आज उघडा. वर दोन ओळी लिहा: ती उघडावी कशी, आणि तिच्यातल्या कामाचे टप्पे कोणते. विम वापरत असाल तर टप्प्यांची ओळ सोडा, फक्त मोडलाइन लिहा आणि फाइल बंद करून पुन्हा उघडा.