एका सरदाराले एकच किल्ला

अमरावतीच्या बुधवाऱ्यातल्या आमच्या बापूजींनी महसूल खात्यात छत्तीस वर्षं काढली, पण चाकरी केली ती बहमनी वजीर महमूद गावानची. सरकार फक्त पगार द्यायचं.

सकाळी आंघोळ करून बंगईवर बसतात, कमरेला चाब्यांचा जुडगा.

"मामाजी, डाळ काढाची हाय, कोठीची चाबी द्या न."

"किती?"

"दोन वाट्या."

"वहीत लिव."

चाबी जाते. मागोमाग बापूजीही जातात.

गावानचा विषय रोज निघतो. म्हणजे तेच काढतात. बहमनी राज्यात चार तरफा, म्हणजे प्रांत, आणि त्यांचे तरफदार इतके माजलेले की सुलतान नावापुरता. वजीर गावाननं चाराच्या आठ केल्या. आपल्या वऱ्हाडाचेही दोन तुकडे, गाविलगड अन् माहूर. तरफदाराच्या हाती किल्ला एकच. बाकीच्यांवर किल्लेदार सुलतानाचे. जमीन मोजून सारा बांधला, वर प्रत्येक तरफेतली काही जमीन थेट सुलतानाच्या खालशात.

"अन् त्याच वक्ताले तिकडं स्पेनची इसाबेला काय करून राह्यली होती? हेच! १४८० मंधी तोलेदोले सभा भरवली, अन् सरदारायनं गिळलेला वसूल अर्धाअधिक ओकवला!" ऐकणाऱ्याला वाटावं, इसाबेलाबाई परतवाड्याच्या तहसिलीतच होत्या.

घरातही तोच कारभार. थोरला अकोटची कपाशी आणि अचलपूरचा संत्र्याचा बगीचा, दोन्ही पाहायचा. बापूजींनी बगीचा धाकट्याला दिला, दोन्हीकडचा पैसा आपल्या खात्यात वळवला आणि बगीच्यातल्या चार ओळी 'खालसा' केल्या. सगळ्यात कमी फळ त्याच ओळींना धरतं, हे मात्र धाकट्याकडूनच कळलं.

"पण बापूजी, गावानचं पुढं काय झालं?" मी एकदा विचारलं. हे विचारायचं नसतं.

"चौदाशे एक्क्याऐंशी!" बंगई करकरली. जळणाऱ्या सरदारांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला दारू पाजली, कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, त्यावर ओडिशाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं. सुलतानानं पत्र पाहिलं आणि वजिराची मान उडवली. थोड्याच वर्षांत गाविलगडचा फत्तेउल्ला इमादशहा आख्खं वऱ्हाड घेऊन मोकळा झाला.

"म्हून आपन शिक्का कोनाच्या हाती देत नाही," म्हणत बापूजींनी मोबाइल बंडीच्या खिशात सरकवला. घरचा सगळा पैसा आता त्याच्यात. मग जेवण झालं आणि ते बंगईवरच घोरू लागले.

चार दिवसांनी दारात क्रिकेटची बॅट आली. इंग्लिश विलोची, पैसे भरलेली.

दोन्ही तरफदार ओसरीवर उभे करण्यात आले. सुनांनी पदराआड हसून घेतलं. "फोन उचलला असंन कोनी, मान्य," बापूजी गरजले, "पन पिन? पिन त मी बायकोलेही सांगतला नाही!"

नातू जिन्यात बॅटवर टेकून उभा होता. चौथीत आहे. पोट्ट्याला इतिहासातला एकच सन पाठ आहे.