आधी माणसं, मग समुद्र

"ऐकलंत का वहिनी? तुमच्या धाकटीच्या लग्नाचा फोटोवाला सूर्यास्त मागतोय म्हणे?"

"मागतोय कसला काकू, हटून बसलाय! नवरा-नवरी काशीदच्या वाळूत आणि मागे मावळता सूर्य. म्हटलं, बाबा रे, मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो आणि आमचा मुहूर्त गोरज. नवरी त्या वेळी बोहल्यावर असेल की काशीदला?"

"मग आधीच उरकून घ्या म्हणावं."

"तेही ठरवलंय त्याने. दशमीला चार वाजता अलिबागच्या किल्ल्यात."

"दशमीला? अहो, नागावात राहता आणि तिथीची पाऊणपट करायला विसरलात? दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातला भरती पुरी. ओहोटी दीडच्या आसपास. किल्ल्यात चालत जायचं ते तिच्याच आगेमागे. चारला गेलात तर परतीला गुडघ्याच्या वर पाणी. आमच्या भाच्याचं तसंच झालं. नऊवारी, लायटी, छत्र्या, सगळं डोक्यावर घेऊन होडीची वाट बघत बसले. त्या अल्बमात नवरीचं तोंड बघा, लग्नाआधीच सासुरवास!"

"म्हणजे किल्ला नकोच म्हणता?"

"आत शिरायलाच कशाला हवं? अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की सूर्य किल्ल्याच्याच अंगाला मावळतो. शिवाय किल्ला पुरातत्त्व खात्याकडे. ड्रोन उडवायचा तर परवानगीची कटकट. बरं, समुद्राचं राहू द्या. घरातल्या फोटोंचं काय ठरलं?"

"ते काय, तो काढेलच की."

"काढेल? गेल्या वर्षी आमच्या पुतणीच्या लग्नात काय झालं सांगू? लाजाहोमाला कानपिळी झाली, भावाने नवऱ्याचा कान चांगला पिरगाळला, सगळा मांडव हसला. आणि फोटोवाला कुठे? पंगतीत, दुसऱ्यांदा जिलबी वाढून घेत! ते काम दोन क्षणांचं, पुन्हा कोण कान पुढे करणार? सूनमुखाला तर कमालच. सासूच्या मांडीवर सून, पुढे आरसा, आणि हा आरशासमोर सरळ उभा राहिला. फोटोत सुनेच्या तोंडाच्या जागी फ्लॅशचा पांढरा गोळा. सासूबाई कौतुकाने बघतायत कोणाकडे, तर त्या गोळ्याकडे!"

"अगंबाई! मग उभं कुठे राहायचं?"

"बाजूला, सासूच्या खांद्यामागून तिरकं. आणि फ्लॅश बंद. अंतरपाटाचंही आधी बजावून ठेवा. एकाने नवरीकडे बघायचं, एकाने नवऱ्याकडे, मध्ये कोणी घुसायचं नाही. नाहीतर अक्षता टाकणाऱ्यांना दिसते ती फोटोवाल्यांची पाठ."

"आणि घरच्यांचा एकत्र फोटो जेवणं झाल्यावर घेऊ."

"जेवणानंतर कोण सापडणार वहिनी? अक्षता पडल्या की मुंबईची निम्मी मंडळी मांडव्याच्या बोटीमागे. तो फोटो दुपारीच, सीमांतपूजन झाल्या झाल्या, वाडीत पोफळींच्या सावलीत. उजेड चांगला, साड्या चुरगळलेल्या नाहीत, मामा अजून रुसलेले नाहीत."

"मामांचं खरंय हो!"

"आणखी एक. परवा एका आगरी लग्नाला गेले होते. धवलारीण बसलीय, लग्नाचे धवले म्हणतेय, आवाज अजून खणखणीत. कॅमेरे मात्र सगळे डीजेपुढे. तिचा एक फोटो कोणी काढला नाही. ते धवले आता कितीजणींना येतात? फोटोवाल्याला बोलून काय उपयोग, त्याला धवलारीण कोण ते घरच्यांनीच सांगायला हवं होतं."

"आमच्याकडे आजेसासूबाई गौरीहराशी बसणार आहेत, पणतीशेजारी."

"मग तो फोटो यादीत पहिला लिहा. नवरी गौरीहर पुजत एकटी बसलेली असते, तेव्हा हे सगळे फोटोवाले नवऱ्याच्या वरातीपुढे नाचणाऱ्यांचे फोटो काढत असतात."

"यादी केली तरी मांडवात ती बघायला सवड कोणाला?"

"तुम्हाला नाहीच, नवरीच्या आईला कसली सवड! घरातला एक नाती ओळखणारा पोरगा धरा. आत्या कोण, आत्याची जाऊ कोण, कोण कोणाशेजारी उभं राहणार नाही, हे त्याला ठाऊक हवं. त्याने माणसं गोळा करायची, फोटोवाल्याने काढायचे. वीसेक फोटो लिहा, त्याहून जास्त नको. एक प्रत त्या पोराच्या खिशात, दुसरी फोटोवाल्याला. आणि ती त्याला आगाऊ पैसे देतानाच द्या वहिनी, मांडवात दिलेली यादी कोणी वाचत नाही."